तुमच्याच सूचनापत्राप्रमाणे धुतल्या, तरी वॉरंटी नाकारली : कापडी नॅप्यांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सूचनापत्राप्रमाणे धुतलेल्या कापडी नॅप्या खराब झाल्याबद्दल, वॉरंटी नाकारल्याबद्दल आणि ते सूचनापत्र बदलण्याबाबत.

महोदय / महोदया,

बारा कापडी नॅप्या आणि त्यांचे इन्सर्ट (म्हणजे नॅपीत घालायचे, ओल टिपणारे कापडी पदर) असा संच मी तुमच्या वेबसाइटवरून माझ्या मुलीसाठी मागवला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. त्यातल्या सात नॅप्यांचं आतलं अस्तर आज सुटलेलं आहे, मांडीपाशी असलेलं इलॅस्टिक ढिलं पडलं आहे आणि इन्सर्ट ओल टिपेनासे झाले आहेत. यावर तुमचं उत्तर एका ओळीचं आलं : 'चुकीच्या पद्धतीने धुतल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.' हे उत्तर मला मान्य नाही. नॅप्या तुमच्या डब्यातल्या सूचनापत्रात लिहिलं आहे तशाच धुतल्या, आणि म्हणूनच त्या खराब झाल्या.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर मला 'घरातल्या मॅडमना विचारून सांगा, कशा धुतल्या ते' असं सांगितलं. विचारायची गरज नाही. आमच्याकडे बाळाचं धुणं पहिल्या दिवसापासून मी करतो. सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शिफ्ट सुटली की घरी येऊन बालदी रिकामी करायची, हे माझं काम. कोणती नॅपी कधी, कशाने धुतली ते मी खात्रीने सांगू शकतो.

तुमच्या नोंदीत माझी तक्रार 'डाग न जाणे' या सदरात टाकली आहे. ती आधी दुरुस्त करा. डागांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. डाग घरच्या घरी जातात आणि त्याला पैसेही लागत नाहीत. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ आणि पिवळी असते, ती पाण्यात सहज सुटते. नॅपी काढल्याबरोबर गार पाण्याच्या धारेखाली धरायची. आधीच गरम पाणी ओतलं तर त्यातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो, म्हणून पहिलं पाणी गारच. मग एन्झाइम असलेली धुण्याची पावडर, नीट खळबळून विसळणं, आणि ओली असतानाच उन्हात घालणं. दोन-तीन वेळा चांगलं ऊन लागलं की तो पिवळेपणा आपोआप फिका होत जातो, कारण शीला रंग देणारं पित्तातलं बिलिरुबिन उजेडाने तुटतं. कावीळ झालेल्या तान्ह्या बाळांना दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याच बिलिरुबिनसाठी. मुलगी वरचं खायला लागल्यावर नाचणीचं सत्त्व आणि केळं सुरू झालं, तेव्हा डागांची तऱ्हा बदलली. केळ्याचा डाग काळपट पडतो आणि तो खरंच चिवट असतो. लोहाच्या थेंबांमुळे शी काळी होते, तिचा डाग वेगळा. तरीही शी आधी संडासात टाकून, नॅपी लगेच भिजवून आणि उन्हाला लावून हे सगळं आटोक्यात राहतं. एखादा फिकट डाग उरला तरी बाळाला त्याने काही होत नाही.

हे सगळं तुमच्या सूचनापत्रात असायला हवं होतं. त्यात काय आहे ते आता लिहितो, कारण ज्याने ते छापायला दिलं त्याने ते वाचलं असेल असं मला वाटत नाही.

त्यात लिहिलं आहे की मऊपणासाठी दर धुण्याला शेवटच्या पाण्यात फॅब्रिक सॉफ्टनर घाला. नुसतं लिहिलेलं नाही, तर संचासोबत सॉफ्टनरची बाटलीही तुम्हीच दिलीत. सॉफ्टनर कापडाला मऊ करतं ते धाग्यांवर मेणचट थर चढवून. बेडशीटला हे चालतं. ज्या कापडाचं सगळं काम पाणी टिपण्याचं आहे त्याला हा थर चढला की ते पाणी आत घेतच नाही. तुम्ही स्वतः करून बघा : धुतलेल्या, वाळलेल्या इन्सर्टवर चमच्याने थोडं पाणी टाका. माझ्याकडच्या इन्सर्टवर ते थेंब अळूच्या पानावर राहावेत तसे गोल उभे राहतात आणि इन्सर्ट कलता केला की घरंगळून जातात. बाळाची शू अशीच घरंगळून मांडीवरून अंथरुणात येत होती. आम्हाला वाटायचं माप लहान पडलं. बटणं पुढे घेतली, मागे घेतली. मापात काहीच चूक नव्हती. याचा व्हिडिओ काढून ठेवला आहे, मेलसोबत पाठवतो आहे.

त्याच पत्रात पुढे आहे : 'हट्टी डागांसाठी नॅपी रात्रभर ब्लीचच्या पाण्यात भिजवावी.' आणि उलट्या बाजूला, बारीक अक्षरांत, वॉरंटीच्या अटीत आहे की ब्लीच वापरल्यास वॉरंटी रद्द. एकाच कागदाच्या दोन बाजू. बाहेरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा जो पातळ पदर अस्तर म्हणून चिकटवलेला असतो, ज्यामुळे ओल बाहेर येत नाही, तो पदर आणि इलॅस्टिक दोन्ही क्लोरीनच्या ब्लीचमध्ये वारंवार राहिलं की कमजोर होतात. वॉरंटीची ती अट घालणाऱ्याला हे माहीत होतं, म्हणून तर त्याने ती घातली. मग पुढच्या बाजूला ग्राहकाला तेच करायला कोणी सांगितलं? सुटलेलं अस्तर हाताने चोळलं तर कुरकुर आवाज येतो, त्यात फुगे दिसतात, आणि शिवणीपाशी ते कातडी सोलल्यासारखं निघतं. फोटो जोडले आहेत.

एक मोठी गोष्ट पत्रात नाहीच. डब्यावर 'कोणत्याही पाण्यात, कोणत्याही पावडरने धुवा' असं छापलं आहे. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी येतं तोवर ठीक असतं, पण उन्हाळ्यात सोसायटी बोअरचं पाणी टाकीत सोडते. ते जड आहे, नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो. जड पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका होतो आणि तो कापडात बसत जातो. त्यात शूचा अंश अडकून राहतो, जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि धुतलेली नॅपीसुद्धा पुन्हा ओली झाली की डोळ्यांत झोंबेल असा वास मारते. जड पाणी असेल तर साबणाची वडी टाळा, डिटर्जंट पावडरचं माप वाढवा, जमल्यास नॅप्यांपुरतं तरी मऊ पाणी घ्या, एवढ्या तीन ओळी छापायला काय लागतं? महाराष्ट्रात कितीतरी घरांचं धुणं बोअरच्या पाण्यावर चालतं.

आता ज्या कारणाने मी हे पत्र एवढं लांबवतो आहे ते. मुलीच्या मांड्यांच्या सांध्यांत आणि खाली लालभडक पुरळ आलं. शू झाली की ती कळवळून रडायची, रात्री झोपेना. बालरोगतज्ज्ञांनी तपासून या नॅप्या ताबडतोब बंद करा असं सांगितलं. माझ्या आईने जुन्या सुती साडीचे लंगोट शिवून दिले, तेच वापरले, आणि पुरळ बसत गेलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडली आहे. अस्तर गेलं तर पैशांचं नुकसान. ते भरून निघतं. माझ्या मुलीला तुमच्या एका छापील कागदामुळे जो त्रास झाला त्याची भरपाई मी पैशांत मागत नाही, पण तो दुसऱ्या कोणाच्या बाळाला होऊ नये यासाठी तुम्ही काय करणार आहात ते मला लेखी हवं आहे.

'धुण्यात चूक' या तुमच्या मुद्द्याला उत्तर माझ्या आईच्या घरात आहे. बारापैकी दोन नॅप्या आम्ही तिच्याकडे पंचवटीत ठेवल्या होत्या, नात तिथे गेली की लागतात म्हणून. तिने तुमचं सूचनापत्र पाहिलेलंच नाही. ती लंगोट धुवायची तशा या धुते : गार पाणी, पावडर, भरपूर विसळणं, गच्चीवरचं ऊन. सॉफ्टनर नाही, ब्लीच नाही. उकळत्या पाण्यात मात्र टाकू नकोस, अस्तर जाईल, एवढं मी तिला सांगितलं होतं. तेही तुमच्या पत्रात कुठे लिहिलेलं नाही. त्या दोन्ही नॅप्या आजही ठीक आहेत. अस्तर शाबूत, इलॅस्टिक ताठ, इन्सर्टवर पाणी टाकलं की क्षणात आत जातं. म्हणजे तुमचा माल वाईट नाही. कापड चांगलं आहे, शिवण चांगली आहे. वाईट आहे तो तुमचा कागद.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे, वस्तू योग्य रीतीने वापरण्याच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिला नसेल आणि त्यामुळे अपाय झाला, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझ्या आधीच्या मेलला पोचही आली नव्हती, थेट नकार आला.

माझ्या मागण्या अशा आहेत. माझ्याकडच्या खराब नॅप्या आणि सगळे इन्सर्ट परत घेऊन त्यांचे पैसे द्यावेत. बदली माल मला नको. सूचनापत्रातून सॉफ्टनर आणि ब्लीच ही दोन्ही वाक्यं काढावीत, संचासोबत सॉफ्टनरची बाटली देणं थांबवावं, आणि जड पाण्याची सूचना व उकळत्या पाण्याचा इशारा मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापावा. सध्याचं पत्र फक्त इंग्रजीत आहे. बाळाचं धुणं ज्या आज्या, मावश्या आणि कामाच्या ताया करतात त्यांच्यापैकी अनेकींना ते वाचता येणार नाही. ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे त्या सगळ्यांना दुरुस्त सूचना मेसेजने पाठवावी. ही शेवटची मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण त्यांच्यापैकी कोणीतरी आज रात्रीही नॅपी ब्लीचमध्ये भिजत घालणार आहे.

महिन्याभरात लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सुटलेल्या अस्तराच्या सातही नॅप्या, सूचनापत्र आणि सॉफ्टनरची उरलेली बाटली मी जपून ठेवली आहे. तपासणीसाठी तुमचा माणूस घरी पाठवायचा असल्यास रविवारी कधीही पाठवा.

आपला,
एक ग्राहक
पाथर्डी फाटा, नाशिक