पाच वर्षांची आमदारकी, तीस वर्षांची नोकरी

महोदय,

आमदारांच्या पगाराचा विषय निघाला की आमच्या पारावर एकच वाक्य ऐकू येते, ‘सेवा करायला गेलेत ना, मग पगार कशाला?’ मी एसटीत तीस वर्षे वाहक होतो. माझी स्वतःची पेन्शन तुटपुंजी आहे, तरीही हे मला पटत नाही. आमदाराला पगार हवा आणि तो चांगलाच हवा. सकाळी सहापासून दारात माणसे बसलेली असतात. कुणाला दवाखान्यासाठी चिठ्ठी हवी असते, कुणाचा दाखला अडलेला असतो. त्यात गावोगावची लग्ने, मयती, मुंबईच्या फेऱ्या, गाडी, ड्रायव्हर. पगार बंद केला तर ज्याच्या हाताशी कारखाना किंवा शिक्षणसंस्था आहे तोच निवडणुकीला उभा राहील आणि शेतमजुराच्या पोराने त्या वाटेला जायचेच नाही.

माझे दुखणे वेगळे आहे. हा पगार ठरवतो कोण, आणि त्यामागून येणारी पेन्शन कशाच्या जोरावर मिळते?

राज्यघटनेच्या 195 व्या कलमानुसार आमदारांचे वेतन विधिमंडळच कायदा करून ठरवते. म्हणजे घेणाराही तोच आणि देणाराही तोच. ऑगस्ट 2016 मध्ये अधिवेशन संपता संपता विधेयक आले आणि चर्चा न होता मंजूर झाले. आमदारांचे वेतन प्रधान सचिवांच्या बरोबरीला गेले, 75 हजारांच्या आसपास होते ते दीड लाखाच्या वर पोहोचले. माजी आमदारांची पेन्शन 40 हजारांवरून 50 हजार झाली. कांदा असो, पाणी असो, आरक्षण असो, कशावरही एकमत न होणारे दोन्ही बाजूंचे लोक त्या दिवशी एक झाले. एकाने तरी उठून ‘थांबा, बोलू या’ म्हणायला हवे होते.

पाच वर्षांची एक टर्म झाली की 50 हजार, आणि आमदारकीच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला 2 हजार जादा. सहा वेळा निवडून आलेल्याची पेन्शन अशी एक लाखापर्यंत जाते.

आता आमची बाजू सांगतो. एसटीतल्या आम्हा लोकांना सरकारी कर्मचाऱ्यांसारखी पेन्शन नाही, आम्ही ईपीएस-95 वाले, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतले. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले 70, असा तिचा हिशेब. त्या पगारालाही मर्यादा आहे. पूर्वी ती 6,500 होती, सप्टेंबर 2014 पासून 15 हजार. हातात येणारा पगार कितीही असला तरी हिशेब तेवढ्यावरच. रातराण्या केल्या, मुक्कामाच्या गाडीत सीटवर आडवे पडून रात्री काढल्या, आणि आज महिन्याला 2,900 च्या आत रक्कम येते. तिला महागाई भत्ता नाही. बायकोच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांतच निम्मी जाते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला जातो तेव्हा यंत्र अंगठा घेत नाही. तिकीट पंच दाबून दाबून अंगठ्याच्या रेषा गुळगुळीत झाल्या आहेत. पुसून, फुंकर मारून, चार-पाच वेळा टेकवावा लागतो.

खासदारांचे वेतन 2018 पासून महागाई निर्देशांकाला जोडले आहे. 2025 मध्ये ते 1 लाखाचे 1 लाख 24 हजार झाले आणि माजी खासदारांची पेन्शन 25 हजारांची 31 हजार. निर्देशांकाला जोडले हे मी चांगलेच म्हणतो, निदान स्वतःच्या वाढीसाठी स्वतःच हात वर करणे तरी टळले. पण ईपीएसची किमान पेन्शन 2014 मध्ये 1 हजार ठरली ती तिथेच आहे. तेल, डाळ, गॅस माजी खासदाराला महाग झाले आणि आम्हाला नाही, असे तर नाही ना?

एसटीत आमदारांसाठी एक आसन राखीव असते, खिडकीवर रंगाने तसे लिहिलेले असते. माझ्या नोकरीत त्या आसनावर म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया, बाजारकरी बसले. आमदार उतरताना मी एकदाही पाहिला नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एसटीने फिरत राहिले. आमच्या खात्यात त्यांचे नाव आजही आदराने घेतात. तशा माणसाला म्हातारपणी पेन्शन द्यायला कुणाची हरकत असणार? पण प्रत्येकाचीच परिस्थिती तशी नसते, आणि निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात कोट्यवधींची मालमत्ता दाखवणाऱ्यालाही तेवढीच पेन्शन मिळते.

पंजाबने 2022 मध्ये कायदा बदलला. टर्ममागून टर्म वाढत जाणारी पेन्शन बंद करून एका आमदाराला एकच पेन्शन ठेवली. ते आपल्याकडे करायला काय अडचण आहे? आमदारांच्या पगारातूनही दरमहा वर्गणी कापावी, जशी आमची कापली गेली. आणि वेतन ठरवायला निवृत्त न्यायमूर्ती, हिशेब तपासनीस, कामगारांचा एखादा माणूस अशी बाहेरची समिती नेमावी. तिचा अहवाल सभागृहात मांडून त्यावर दिवसभर चर्चा व्हावी आणि कोण काय बोलले ते छापून यावे.

आमच्या भागातल्या आमदारांना मी याच मजकुराचे पत्र हाताने लिहून दिले आहे. येत्या अधिवेशनात त्यांनी हा प्रश्न विचारावा, एवढीच विनंती त्यात केली आहे. आपल्या वाचकांनीही आपापल्या आमदारांना असे पत्र द्यावे.

– एक निवृत्त एसटी वाहक, कोरेगाव (जि. सातारा)