नसेला इजा होऊच शकत नाही?

महोदय,

मणक्याच्या शस्त्रक्रियेतील अल्ट्रासॉनिक करवतीवर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला मजकूर मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो शेजारच्या वहिनी कात्रण घेऊन घरी आल्या म्हणून. बाजारातून येताना त्यांना दोन ठिकाणी कट्ट्यावर टेकावे लागते. पाय भरून येतात, पुढे वाकले की बरे वाटते. कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाल्याने ऑपरेशन ठरले आहे. ही करवत फक्त हाड कापते, नसेला इजा होऊच शकत नाही, अशा अर्थाच्या ओळीखाली त्यांनी पेनाने रेघ ओढली होती. त्यांचे डॉक्टर मात्र नेहमीच्या ड्रिलने करणार आहेत. “सिस्टर, डॉक्टर बदलू का?” हा त्यांचा प्रश्न.

मी बत्तीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. शेवटची काही वर्षे हे यंत्रही टेबलावर मांडून दिले आहे. यंत्र चांगले आहे, पण ती ओळ चुकीची आहे.

प्लास्टर कापायची करवत अनेकांनी पाहिली असेल. ती गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. प्लास्टर कडक असल्याने कापले जाते, त्वचा मऊ असल्याने पात्याबरोबर हलते आणि वाचते. रडणाऱ्या पोरांना दाखवण्यासाठी मी ती स्वतःच्या तळहातावर टेकवत असे. पण एका नव्या मुलाने तीच करवत दाबून ओढत नेली, तेव्हा एका आजोबांच्या पोटरीवर भाजल्याचा लांब पट्टा उठला होता. पाते तापते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

अल्ट्रासॉनिक करवतीचे तत्त्व याच्याच जवळचे आहे. पाते सेकंदाला साधारण २२,५०० वेळा पुढे-मागे होते, तेही मिलिमीटरच्या अंशाइतकेच. आपल्या कानाची मर्यादा २०,००० च्या आसपास, त्यामुळे ते कंपन ऐकू येत नाही. दातांवरचे कीट काढायचे डेंटिस्टचे यंत्रही याच जातीचे. हाड ताठ असल्याने चिरले जाते. मज्जारज्जूभोवतीचे आवरण, आम्ही त्याला ड्युरा म्हणतो, लवचिक असल्याने मागे सरते. फायदे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ड्रिलचा बर, म्हणजे टोकाला फिरणारे दातेरी बोंड, मिनिटाला साठ-सत्तर हजार फेरे घेतो, शेजारी कापसाची पट्टी असेल तर क्षणात गुंडाळून घेतो. अशी एक पट्टी दोऱ्यासकट ओढली गेली तेव्हा थिएटरमधला प्रत्येक जण श्वास रोखून उभा होता. करवतीत ती भीती नाही. चीर बारीक पडते, सक्शनच्या बाटलीत रक्त कमी दिसते, आणि हाडाचा भुगा होण्याऐवजी अख्खा तुकडा हाती येतो. फ्यूजनच्या, म्हणजे मणके एकमेकांना जोडायच्या, वेळी तोच पुन्हा भरता येतो. मानेच्या मणक्याचे छप्पर बिजागरीच्या दारासारखे उघडायची, जपानमध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेली शस्त्रक्रिया आहे. त्यात तर ही बारीक चीर फारच सोयीची.

पण ड्युराला मागे सरायला जागा हवी. आधी ऑपरेशन झालेले असेल किंवा आतल्या लिगामेंटचेच, म्हणजे मणके बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचेच, हाड झाले असेल, तर ड्युरा हाडाला चिकटून बसलेला असतो. तो सरणार कुठे? सर्जनने पाते एकाच जागी दाबून धरले तरीही तो फाटू शकतो. मग पाण्यासारखा द्रव झिरपू लागतो, केसासारख्या धाग्याने टाके घालावे लागतात आणि पेशंटला काही वेळा दोन-तीन दिवस सपाट झोपवून ठेवतात. नवे यंत्र असतानाही मी हे पाहिले आहे. हाडाचा शेवटचा पापुद्रा सुटताना हाताला जो अगदी किंचित ‘सोड’ जाणवतो, तो ओळखायला सर्जनला बऱ्याच केसेस कराव्या लागतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. तापमान ४७ अंशांवर मिनिटभर राहिले तरी हाडातल्या पेशी मरतात. म्हणून पात्यावर सलाइनची धार सतत हवी. पिशवी संपत आली की बदलायचे काम आमचे, आणि आमचे सर्वांत जास्त लक्ष त्या पिशवीवरच असे. सर्जनचे डोळे मायक्रोस्कोपला लागलेले, त्यांना ती दिसणार नाही. आपल्या मजकुरात यंत्राचे भरपूर कौतुक आहे, पाण्याबद्दल अक्षर नाही.

आणि पैसे. पाते बहुधा एकदाच वापरायचे असते आणि बिलात वेगळे लागते. ते किती, नवे उघडणार ना, हे विचारायला लाजू नये.

वहिनींना मी डॉक्टर बदलायला सांगितले नाही. त्यांचे डॉक्टर कित्येक वर्षे त्याच ड्रिलने हेच ऑपरेशन करत आहेत. “तुमच्या हातून ड्युरा कधी फाटला का आणि फाटला तर काय करता, एवढे विचारून या,” म्हटले. त्या विचारून आल्या. डॉक्टर रागावले नाहीत, कागदावर चित्र काढून त्यांनी सगळे समजावले. तो कागद वहिनींनी आपल्या कात्रणालाच टाचून ठेवला आहे.

पुरवणीत हे यंत्र पुन्हा आले, तर ती एक ओळ दुरुस्त करून छापावी, एवढीच विनंती.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर, मिरज
(कृपया नाव छापू नये.)