केतकीस, इंग्रजी इडियम्सच्या यादीवरून

नौपाडा, ठाणे

चि. केतकी,
अनेक आशीर्वाद.

तुझी शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर आणि माझी शाळा सकाळची. तू ऐरोलीहून घरी पोचतेस तेव्हा मी वर्गात असते, म्हणून हे लिहूनच ठेवते. शंभर इडियम्सची प्रिंट काढून तू रोज दहा पाठ करायला घेतल्या आहेस. ते सोड. पहिल्याच पानावर ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आहे. आम्ही मास्तरमंडळींनी ते पिढ्यान्‌पिढ्या घोटून घेतलंय खरं, पण बाहेर धो धो कोसळत असेल तर इंग्रज माणूस आज बहुतेक वेळा सरळ ‘इट्स पोअरिंग’ म्हणून मोकळा होतो.

नुसता अर्थ पाठ करून भागत नाही. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे यादीत बरोबर दिलंय. पण ते आपल्या ‘गचकला’च्या पंगतीतलं. क्लायंटचे वडील वारल्याचा मेल आला आणि उत्तरात तू हे लिहिलंस, तर काय होईल ते तूच बघ. ‘अंडर द वेदर’चंही तसंच. थोडी कणकण आहे, अंग मोडून आलंय, इतपत असेल तर चालतं. टायफॉइडने ॲडमिट झालेल्या माणसाला ते लावत नाहीत. आणि शब्द इकडचे तिकडे करायचे नाहीत. आपल्या नाकी नऊच येतात, दहा कधी येत नाहीत.

तुझी खरी अडचण वेगळी आहे. अमेरिकन माणूस बोलतो ते बेसबॉलच्या मैदानावरून. ‘बॉलपार्क फिगर’ मागितली तर पैशापैशाचा हिशेब काढत बसू नकोस, त्याला अंदाजे आकडा हवाय. ‘टच बेस’ म्हणजे मध्ये एकदा थोडं बोलून घेऊ. उलट ‘स्टिकी विकेट’ तुला चटकन कळेल. पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत. भिजलेली खेळपट्टी उन्हाने वाळायला लागली की चेंडू वाटेल तसा उसळायचा आणि फलंदाजाची त्रेधा उडायची. त्यावरून अडचणीच्या, जपून हाताळायच्या प्रसंगाला तसं म्हणतात. लंडनच्या माणसाशी बोलताना बिनधास्त वापर, ह्यूस्टनचा मात्र गप्प बसेल.

‘टेबल’ने तर दुसऱ्या महायुद्धात भांडण लावलं होतं. चर्चिल यांनी आपल्या आठवणींत तो किस्सा दिलाय. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक तातडीचा कागद ‘टेबल’ करायचाय असं सांगितलं. म्हणजे चर्चेला घ्यायचाय. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या लेखी ‘टेबल’ करणं म्हणजे खणात टाकून विसरून जाणं. बराच वेळ चांगलीच जुंपली, आणि मग लक्षात आलं की दोघांनाही तेच हवंय! आपल्या विधानसभेत कागदपत्रं ‘पटलावर ठेवतात’, तो ब्रिटिशांकडचा अर्थ. म्हणून घोळ होणार तो तुझा, आणि तोही अमेरिकनांशीच. क्लायंट ‘लेट्स टेबल दिस’ म्हणेल, तू उत्साहाने स्क्रीन शेअर करून प्रेझेंटेशन उघडशील, आणि त्या बिचाऱ्याला तो विषय आज नकोच असेल.

तेव्हा ऐकलेलं सगळं कळायला हवं, बोलायची घाई नको. बोलताना साधं इंग्रजी बोललीस तर कोणी तुला नावं ठेवणार नाही. ओढूनताणून घुसडलेल्या इडियमला मात्र लोक हसतात. यादीऐवजी एक वही कर. कॉलवर काही नवीन कानावर पडलं की अख्खं वाक्य लिही आणि बाजूला कोण, कोणाला, कशावरून म्हणालं तेही टीप. साहेब हाताखालच्याला म्हणतो ते प्रत्येक वाक्य उलट दिशेने चालत नाही. रविवारी दुपारी दोघी मिळून बघू.

आणि हो, परवा दाखवलेल्या मेलच्या शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ होतं, ते काढून टाक. चुकीचं नाही, जुनं ब्रिटिश वळण आहे, आपल्याकडे टिकून राहिलंय इतकंच. पण तिकडच्या वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते त्यातून समजत नाही. कोणती फाइल हवी आणि कोणत्या वारापर्यंत, तेवढं लिही.

तुझी,
आई