वरचा आकडा वयावर ढकलू नका

ज्येष्ठांच्या आरोग्यावरील आपल्या पुरवणीतील लेखात उतारवयात रक्तदाब थोडा वाढणे स्वाभाविक असल्याचे म्हटले आहे, ते पटले नाही. ‘वय अधिक शंभर’ हा हिशेब शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आजही ऐकू येतो. सत्तरीत १७० म्हणजे ठीकच, असे म्हणत मंडळी चहाला निघतात. वयानुसार धमन्या ताठरतात आणि वरचा आकडा चढतो, हे खरे; पण तो निरुपद्रवी नसतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘शेप’ चाचणीत साठीपुढच्या, केवळ वरचाच दाब वाढलेल्या रुग्णांवर लघवी वाढवणाऱ्या साध्या गोळीपासून उपचार सुरू केले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. माझ्या शेजाऱ्यांनी ‘आता नॉर्मल आलाय’ म्हणून गोळी परस्पर बंद केली. (तो गोळीमुळेच नॉर्मल होता, हे कोण सांगणार?) चार महिन्यांनी दाढी करताना हातातला रेझर बेसिनमध्ये पडला, तो उचलायला उजवा हात उठलाच नाही. गोळीने उभे राहताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घेता येते. लेखात निदान एवढे तरी यायला हवे होते.

– एक ज्येष्ठ वाचक, दादर, मुंबई