सोनू, ब्रेकवर भरवसा ठेवू नको

चि. सोनू,

परवा व्हिडिओ कॉलवर तू सहज बोलून गेलीस की सिग्नलला गाडी जरा घसरली पप्पा, पण काही झालं नाही, आणि लगेच शेंगा चटणी संपली म्हणून विषय बदललास. आईच्या लक्षात नाही आलं, माझ्या आलं. त्या रात्री झोपच नाही गं. इकडे सोलापुरात गड्डा यात्रा चालू आहे, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नाही, पहाटे जरा गार वारं सुटलं तरी लोक मफलर गुंडाळून चहाच्या गाड्यावर उभे, आणि माझी पोरगी तिकडे अमेरिकेत मिनियापोलिसला उणे पंधरात गाडी चालवतीय हे डोक्यातून जाईना. फोनवर बोललो तर तू हो हो म्हणून ठेवशील, म्हणून लिहून पाठवतोय.

मी तुला जे शिकवलं त्यातलं एक आधी विसर. जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटवर तुला गाडी शिकवताना मी सारखं ओरडायचो ना, ब्रेक तोडून तोडून मार, ते माझ्या जुन्या ट्रकचं शिक्षण होतं, त्याला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, नव्हतं, एकदम दाबला की चाक जाम व्हायचं आणि गाडी सरळ सरकत जायची. तुझ्या गाडीला एबीएस आहे. अचानक थांबायची वेळ आली तर पॅडल घट्ट दाबून धरायचं, पायाखाली धडधडेल, घर्र आवाज येईल, तरी पाय काढायचा नाही. पण हे पण समजून घे की एबीएसमुळे स्टिअरिंग तुझ्या हातात राहतं, बर्फावर गाडी लवकर थांबते असं नाही. आणि तुझ्या मैत्रिणीने सांगितलं ना की चारही चाकं फिरणारी गाडी घे म्हणजे टेन्शन नाही, ती गाडी जागेवरून निघायला चांगली, थांबायला तिचा काही फायदा नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात.

तुला नळदुर्गची गोष्ट माहीत नाही. तू दोन वर्षांची होतीस, मी टॉवेलचा माल घेऊन हैदराबादला निघालेलो, पहिलाच पाऊस पडून गेला होता आणि ट्रॅक्टरच्या चाकाची काळी माती रस्त्यावर पसरलेली. वळणावर मागची बाजू सुटली. त्या दोन सेकंदात मी ब्रेक मारला नाही एवढंच केलं, ॲक्सिलेटर सोडला आणि मागचं अंग ज्या बाजूला चाललं होतं त्याच बाजूला स्टिअरिंग हळूच दिलं, ट्रक सरळ झाला. पुढे जाऊन बाजूला घेतला आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो, हात थरथरत होते. बर्फावर पण हेच, नजर जिकडे जायचंय तिकडे ठेव, समोरच्या खांबाकडे बघितलंस तर हात आपोआप तिकडेच जातो.

चिखल निदान दिसतो गं. मला भीती त्या ब्लॅक आइसची आहे, पातळ काचेसारखा बर्फ, खालचा डांबरी रस्ता दिसतो म्हणून नुसता ओला वाटतो. एक खूण लक्षात ठेव, रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाहीये, म्हणजे ते पाणी नाही, बर्फ आहे. पूल सगळ्यात आधी गोठतात कारण वरून खालून दोन्हीकडून गार वारा लागतो, म्हणून पूल यायच्या आधीच स्पीड कमी कर, पुलावर चढल्यावर ना ब्रेक ना लेन बदल. आणि रस्त्यावर मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त राहू नको, उणे नऊ-दहाच्या खाली साध्या मिठाचा जोर फार कमी होतो, तुमच्याकडे तर जानेवारीत रात्री त्याच्याही खाली जातं.

अंतर ठेव. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लाग, कोरड्या रस्त्यावर तीन सेकंद पुरतात, बर्फात आठ ते दहा पाहिजेत. मधे कोणी घुसला तर घुसू दे, परत मागे ये. बर्फ काढणाऱ्या मोठ्या गाडीला ओव्हरटेक करायचं नाही, तिच्या मागचा रस्ता हाच सगळ्यात चांगला रस्ता. क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडी आपोआप एकाच स्पीडला ठेवणारी सोय, ती बंद.

टायरचं काय केलंस ते कळव. सात डिग्रीच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं, पकड जाते, विंटर टायरचं रबर मऊ राहतं. चारही बदल, दोनच बदलून पैसे वाचवू नको, पाहिजे तर मी पाठवतो, लाजू नको. थंडीत हवा पण कमी होते, महिन्यातून एकदा चेक कर. काचेवर मारायच्या पाण्यात साधं पाणी नको, गोठतं. टपावरचा बर्फ पूर्ण झाडून निघ, नाहीतर ब्रेक मारला की सगळा पुढच्या काचेवर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठे अडकलीस तर गाडी सोडून चालत निघू नको, गाडीतच थांब, फोन कर. हीटरसाठी इंजिन चालू करायच्या आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ हाताने काढ, ते बुजलं तर धूर आत येतो, त्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. काढल्यावर पण इंजिन सलग नाही, थोडा थोडा वेळच, आणि काच बोटभर उघडी. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. निघताना 511 वर, म्हणजे तिकडच्या रस्त्यांची हालत सांगणाऱ्या सेवेवर, माहिती बघत जा, आणि फारच खराब असेल तर साहेबाला सरळ सांग की आज घरून काम करते.

आईने पार्सल केलंय. त्यात कडक भाकरी आहेत, त्या महिनाभर टिकतात, त्यातल्या चार आणि चटणीची पुडी गाडीत ठेवायची, घरी संपवायची नाही. टॉर्च, छोटं फावडं आणि चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी तिकडेच घे. चादर मोराची आहे, नव्या पेठेतून मी स्वतः निवडून आणली, जाडजूड. ती डिकीत ठेवू नको, मागच्या सीटवर ठेव, डिकी बर्फाने जाम झाली तर उघडणार नाही.

पोचलीस की मेसेज टाक, तिकडे रात्रीचे दहा म्हणजे इकडे सकाळचे साडेनऊ, मी जागाच असतो.

तुझे पप्पा