फिटर ट्रेडच्या मुलांचे व्हिडिओ

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या फिटर ट्रेडच्या मुलांनी प्रॅक्टिकलच्या जॉबसोबत, म्हणजे घडवलेल्या धातूच्या तुकड्यासोबत, पाच मिनिटांचा व्हिडिओही द्यायचा, हे ठरलं ते फार चांगलं झालं. कॅमेरा घ्यावा का, असं तू विचारलंस. नको घेऊस. मुलांच्या खिशातले फोन पुरेसे आहेत. खर्च करायचाच असेल तर फोन घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पसह एक ट्रायपॉड आणि एक वायरचा कॉलर माईक घे. माईकची पिन मात्र बघून घे. फोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात आणि कॅमेऱ्याच्या माईकच्या पिनवर दोन. दोन रेघांची पिन फोनला लावली तर फोन गुपचूप स्वतःचाच माईक वापरतो, आणि ते घरी जाऊन ऐकेपर्यंत कळत नाही.

तयार जॉब टेबलावर ठेवला की माप बरोबर आलं का ते कळतं, पण ते कसं आलं ते कळत नाही. कानस म्हणजे धातू घासायचं दातेरी हत्यार, तिचे दात पुढे ढकलतानाच कापतात. मागे आणताना दाब सोडायचा असतो, नाहीतर दात बोथट होतात. कानस डोलली की जॉबच्या कडा उतरतात आणि मधे फुगवटा राहतो. हे सगळं हातात दिसतं, जॉबवर फक्त त्याचा परिणाम दिसतो. म्हणून शॉट ठरवताना मुलांनी स्वतःला विचारावं: माझं काम तपासणाऱ्याला इथे काय दिसायला हवं? तोंड दिसलं नाही तरी चालेल, हात दिसलेच पाहिजेत.

७५ × ७५ × १० मिमीच्या पट्टीचं फाईलिंग, म्हणजे कानशीने घासणं, घेतलं तर तीन जागा पुरतात. पहिली बाजूने, तीन-चार पावलांवरून: पायांची ठेवण, कोपराची उंची आणि व्हाइस (जॉब घट्ट पकडणारा शिकंजा) एका चौकटीत. दुसरी खांद्यावरून, म्हणजे मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांच्या जागेवरून. समोरून घेतलं तर बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं आणि शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. तिसरी जागा अगदी जवळून, मोजमापासाठी. ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरल्यावर पात्याखालून जी प्रकाशाची फट दिसते, ती चित्रणात आलीच पाहिजे. या कामाचा खरा पुरावा तोच आहे. व्हर्नियरचा (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरचा) शॉट आधी शून्यावर बंद करून दाखवण्यापासून ते ०.०२ मिमीची जुळलेली रेघ दिसेपर्यंत एकसलग हवा. मधे कट आला की वाचनावर विश्वास बसत नाही.

प्रत्येक शॉट काम सुरू व्हायच्या पाच सेकंद आधी चालू करायचा आणि संपल्यावर पाच सेकंदांनी बंद करायचा. मुलं हे नेहमी विसरतात आणि मग एडिटिंगला जोडायला जागाच उरत नाही.

आता वर्कशॉपमधल्या खास अडचणी. ट्यूबखाली चित्रण केलं की बऱ्याचदा पडद्यावर काळसर पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. फोनने १/६० सेकंदाचं शटर (एका फ्रेमसाठी प्रकाश घ्यायचा वेळ) धरलं तर प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुक अर्धवट येते. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने करता येतं) शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं, मग पट्टे जातात. प्रो मोड नसेल तर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत ॲप बघ. रिझोल्यूशन १०८०पी पुरे. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ मिळाला तर उत्तम, नाहीतर ३०, पण सगळ्या गटाचा एकच असू दे.

दुसरी अडचण चकाकीची. घासलेलं माइल्ड स्टील चमकतं आणि हात पुढे-मागे होतो, तसतसा फोन उजेड कमी-जास्त करतो आणि फोकस शोधत बसतो. जॉबवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) दोन्ही लॉक करायचे. प्रकाश एका बाजूने, तिरपा येऊ दे, म्हणजे कानशीचे ओरखडे दिसतात. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचं पांढरं शीट उभं केलं की सावली मऊ होते. लेन्स दर वेळी सुती कापडाने पुसायची. तेलाच्या बोटांचा एक ठसा पुरतो, आणि मग सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा, मेमरी आधी मोकळी करायची. १०८०पीला मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात.

एक गोष्ट सक्तीची कर. कॉलर माईकची लोंबती वायर घालून ड्रिलिंग मशीन किंवा लेथजवळ कोणी उभं राहायचं नाही. फिरत्या चकमध्ये (जॉब किंवा ड्रिल पकडणाऱ्या भागात) वायर अडकली तर माणूस ओढला जातो. ट्रायपॉडचे पायही येण्या-जाण्याच्या वाटेत नकोत. वेल्डिंगच्या मुलांना सांगायचं झालं तर लेन्सपुढे वेल्डिंगची ११ नंबरची काच धरल्याशिवाय आर्क (वेल्डिंगचा प्रखर झोत) दिसत नाही, आणि फोन धरणाऱ्याच्या डोळ्यांपुढेही काच हवीच.

निवेदन वर्कशॉपमध्ये करूच नये. कॉम्प्रेसर आणि ग्राइंडर चालू असताना घेतलेला आवाज नंतर कितीही साफ केला तरी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. घरी, पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन बोललं तर उत्तम येतो. माईक हनुवटीपासून वीतभर खाली. मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द, त्याहून भरभर नाही. मजकूर चित्र बघून लिहायचा: जे दिसतंय ते सांगत बसायचं नाही, ते तसं का केलं ते सांगायचं.

पण फाईलिंगचा मूळ आवाज पुसू देऊ नकोस. जॉब व्हाइसच्या जबड्यांवर जास्त वर राहिला की कानस थरथरते आणि किंचाळते. ही चूक डोळ्याआधी कानाला कळते. निवेदनाखाली तो आवाज बारीक चालू ठेवायचा आणि मधेमधे पूर्ण मोकळा सोडायचा. संगीत मात्र नको. ते नेमकं हेच झाकतं.

एडिटिंगला केडेनलाइव्ह घ्या, मोफत आहे आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतं. क्लिप केबलने उतरवायच्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि व्हर्नियरच्या रेघा वाचता येत नाहीत. आधी एक फोल्डर, त्यात सगळ्या क्लिप, मगच प्रोजेक्ट उघडायचा. प्रोजेक्टच्या फाईलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त तो कुठे आहे त्याचा पत्ता असतो. फोल्डर हलवला किंवा एकटी प्रोजेक्ट फाईल पेन ड्राइव्हवर नेली की सगळ्या क्लिप गायब. दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं असेल तर ‘अर्काइव्ह प्रोजेक्ट’ वापरायचं.

सुरुवातीला आवाज जुळतो आणि चौथ्या मिनिटाला मागे-पुढे होतो, ही तक्रार हमखास येईल. उजेड कमी पडला की फोन फ्रेम रेट आपणच खाली आणतो, आवाज मात्र एका वेगाने चालतो. ‘हँडब्रेक’ या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ क्लिप ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून आधी बदलून घ्यायची, मग टाइमलाइनवर टाकायची. नंतर आवाज ओढत बसण्यात रात्र जाते.

फाईलिंगचा तासभराचा वेळ पाच मिनिटांत बसवताना स्ट्रोक भरभर पळवू नयेत, लय कळत नाही. दहा-बारा स्ट्रोक खऱ्या वेगात दाखवायचे, कट करायचा आणि पडद्यावर स्पष्ट लिहायचं: ‘इथे २० मिनिटांचं काम गाळलं आहे.’ प्रामाणिकपणाचे गुण इथेच दे.

शीर्षकांना मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट वापरा. कुणी एडिटिंग प्रीमिअर या सॉफ्टवेअरवर करत असेल आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जात असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं.

शेवटी फाईल एमपी४ प्रकारची, एच.२६४ पद्धतीने दाबलेली, ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) वेगाची काढा. पाच मिनिटांचे ३०० एमबी होतात. निवेदनाची शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. वर्गातला प्रोजेक्टर गडद भाग गिळतो, म्हणून सादरीकरणाच्या आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर एकदा बघा. एचडीएमआय जोडल्यावर लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवतो आणि स्पीकर गप्प बसतात, तेव्हा साऊंड आउटपुट बदलायचं. व्हिडिओ व्हीएलसीवर लावा: स्पेसने थांबतो, ‘ई’ दाबलं की एकेक फ्रेम पुढे जातो. स्ट्रोकच्या शेवटी कानस उचलली जाते की घासत मागे येते, हे असं थांबवून मुलांकडूनच वदवून घे.

सगळ्यांना एकदम कामाला लावू नकोस. आधी दोघांना खांद्यावरचा तीस सेकंदांचा एकच शॉट घ्यायला सांग आणि तो मला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, तसा तो दाबला जात नाही. पट्टे आणि फोकस बघून लगेच कळवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदा