थंडीची लाट जाहीर होण्याआधीच बाग गारठते: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्ष बागायतदाराला एकच आकडा हवा असतो: उद्या पहाटे आपल्या शिवारात पारा कुठवर उतरणार? आणि तो आज दुपारपर्यंत हवा. संध्याकाळी कळला तर निम्मी कामे हुकलेली असतात.

सध्याचे इशारे थंडीच्या लाटेच्या निकषावर बेतलेले आहेत. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी, किंवा थेट 4 अंशांपर्यंत उतरलेले, तर ती लाट. हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असे घडले की दुसऱ्या दिवशी ती जाहीर होते. आमचा उपविभाग म्हणजे नंदुरबारपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंतचा मध्य महाराष्ट्र! जिल्ह्याला आगाऊ इशारा मिळतो, पण मोजपट्टी तीच. सरासरी 11 असताना 7 अंशांची पहाट या व्याख्येत बसत नाही. बागेला मात्र ती बसते: मुळांचे काम मंदावते, मण्यांची फुगवण थांबते. मण्यांत पाणी उतरत असताना, म्हणजे मणी पिकू लागताना, रात्र गार आणि दुपार तापलेली असली की पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात, आणि पांढऱ्या द्राक्षाचा तो माल निर्यातीतून बाद होतो.

शिवाय थंडी जिल्हाभर सारखी नसते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की जमीन रात्रभर उष्णता सोडते. गार हवा जड, ती उतारावरून गोदावरी-कादवेच्या सखल शिवारात येऊन साचते. म्हणून एकाच तालुक्यात माळावरची बाग बचावते आणि नदीकाठची सापडते.

दुपारी आकडा कशाला, तर उपायांना वेळ लागतो. बोद (वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंचवटा) आधी ओला असेल तर ओली माती दिवसभराचे ऊन साठवते आणि रात्री सोडते. पहाटे 3 ते 6 ठिबक चालवले तर विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने मुळांजवळचा गारठा कमी होतो. त्यासाठी त्या वेळी थ्रीफेज वीज लागते, आणि शेतीपंपांची वीज पाळीने येते. रोज उगाच पाणी सोडले तर मणी तडकतात. शेकोट्याही बेतानेच: एका मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते, ओळींमध्ये लहान लहान अनेक पेटवाव्या लागतात. नुसत्या धुराने ऊब येत नाही. घडांना कागद लावायचा तर आणखी आधी कळायला हवे. 9 बाय 5 फुटांवर एकरी साधारण 968 वेली बसतात. वेलीला 30 घड धरले तरी 29 हजारांवर घड होतात. ते एका दिवसात झाकून होत नाहीत.

म्हणून मागणी अशी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज दुपारी 1 वाजेपर्यंत महसूल मंडळनिहाय (तालुक्यातल्या काही गावांचा एक गट म्हणजे मंडळ) अंदाज द्यावा: किमान तापमान, पारा 8 अंशांखाली किती तास राहील, वारा आणि दवबिंदू. मंगळवार-शुक्रवारच्या कृषी हवामान पत्रिकेत पुढच्या पाच दिवसांचा मंडळनिहाय कल द्यावा, कागदाचे नियोजन त्यावर होईल. ज्या मंडळांत पारा 7 अंशांखाली जाणार, तिथे पहाटेच्या विजेसाठी ऊर्जा विभागाशी आधीच बोलून ठेवावे.

महावेध या राज्याच्या स्वयंचलित हवामान केंद्रांची जागा हंगामाआधी तपासावी. सिमेंटचे अंगण, भिंत किंवा पत्र्याजवळचे केंद्र रात्री खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवते, आणि हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई त्याच नोंदीवर ठरते. तासागणिक नोंदी मागील वर्षांसह सर्वांना खुल्या कराव्यात.

2024 मध्ये देशभरची जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद झाली. अंदाज पिकाच्या भाषेत सांगणारी ती माणसे राज्याने स्वखर्चाने परत नेमावीत, निदान द्राक्षपट्ट्यात. ऑक्टोबर छाटणीच्या बागेत पाणी उतरते ते ऐन थंडीत, त्यामुळे हे सगळे 1 नोव्हेंबरपूर्वी सुरू व्हायला हवे.

आपले,
निफाड-दिंडोरी परिसरातील द्राक्ष उत्पादक